त्रिगेन्या म्हणजे गव्हाळ

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या दोन्यांची नात माझ्याकडे होती, दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात ते. दोन्यांना चर्चचं काम होतं आणि पोरीची आई रविवारीपण ड्युटीला जाते, त्यामुळे महिन्यातले एकदोन रविवार ती माझ्याकडेच असते. आठ वर्षांची आहे, मला तीया म्हणते, स्पॅनिशमध्ये मावशी आत्या काकू मामी सगळ्यांना तीयाच. शाळेत "माझी फॅमिली" असं चित्र काढून न्यायचं होतं म्हणून डायनिंग टेबलवर तुटके क्रेयॉन पसरून बसलेली आणि मी बाजूला मेथी निवडत होते. आजी काढली, तिला चॉकलेटी रंग दिला. आई काढली, तिला जरा फिकट चॉकलेटी. मग स्वतःला काढलं, फ्रॉक वगैरे मन लावून रंगवला आणि चेहऱ्यासाठी घेतला पीच रंग. केस सरळ रेषांचे, खांद्याच्या खाली येतील एवढे. आता ही पोरगी आजीपेक्षाही एक छटा गडद आहे आणि केस म्हणजे घट्ट बारीक स्प्रिंगा, ओले असताना ओढले तर पाठीपर्यंत आणि वाळले की कानाशी. मी विचारलं, हा रंग का गं घेतलास, तर मान वर न करता म्हणाली, हा छान आहे.

मेथी तशीच राहिली माझी. कारण तो खडू मी चांगला ओळखते. नांदेडला आमच्या शाळेत त्या गुलाबीसर पिवळट खडूला सगळे स्किन कलर म्हणायचे. वर्गात आम्ही पन्नासेक पोरं, त्यात त्या रंगाची स्किन एकाचीही नव्हती, पण चित्रकलेच्या बाई पण सांगायच्या चेहऱ्याला स्किन कलर भरा आणि आम्ही भरायचो. इकडे अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या डब्यात पण त्या रंगाचं नाव फ्लेश होतं, म्हणजे मांसाचा, अंगाचा रंग, ते १९६२ साली बदलून पीच केलं. नाव बदलून साठ वर्षं होऊन गेली आणि माझ्या टेबलावर बसलेली पोरगी अजून तोच उचलतेय.

हे कुणी आधी बघितलं नाही असं पण नाही हो. मॅमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे कृष्णवर्णीय नवराबायको, दोघंही मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९४० च्या दशकात लहान मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या होत्या. सगळ्या एकसारख्या, फक्त रंगाचा फरक. कोणती चांगली, कोणती वाईट दिसते, कोणत्या बाहुलीशी खेळशील, असं विचारत गेले. २५३ मुलं होती, तीन ते सात वर्षांची, सगळी कृष्णवर्णीय, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. मग शेवटी विचारायचे, तुझ्यासारखी कोणती? इथे काही मुलं रडायची, काही उठून पळून जायची. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला त्या खटल्यात ह्या कामाचा आधार घेतला गेला, त्यामुळे बाहुल्यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्यांनी अजून एक केलं होतं ते कमी लोक सांगतात. मुलांना मुलाचं किंवा मुलीचं कोरं चित्र आणि क्रेयॉनचा डबा द्यायचे आणि म्हणायचे, ह्याला तुझा रंग दे. बरीच मुलं आपल्याला आहे त्यापेक्षा उजळ रंगवायची. माझ्या टेबलावर रविवारी जे झालं ते हेच.

मी न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहते. २०१६ ला आले तेव्हा भाडं परवडत होतं म्हणून इथे घर घेतलं आणि मग इथलीच झाले. हा सगळा डॉमिनिकन लोकांचा एरिया, म्हणजे कॅरिबियन बेटावरच्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातून आलेल्यांचा, रस्त्यावर इंग्लिशपेक्षा स्पॅनिश जास्त ऐकू येतं. दोन्यांशी पहिल्यांदा बोलणं झालं ते बिल्डिंगच्या जिन्यात. मी कुठली विचारलं, मी म्हटलं इंडियाची, तर त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, मी पण इंदिया! मला वाटलं ह्यांचे पणजोबा वगैरे आपल्याकडून जहाजात गेले असतील, त्रिनिदादला गयानाला गेले तसे. नंतर कळलं की तसं काही नाही. त्यांच्या देशात ओळखपत्रावर, त्याला सेदुला म्हणतात, कित्येक वर्षं रंगाचा रकाना असायचा आणि लाखो गडद रंगाच्या माणसांच्या नावापुढे तिथे लिहिलेलं असायचं इंदियो, बाई असेल तर इंदिया. फिकट इंदियो, गडद इंदियो. म्हणजे आम्ही बेटावरच्या मूळ लोकांचे वंशज. त्या बेटावरचे मूळ लोक स्पॅनिश आल्यावर काही दशकांतच जवळपास संपले होते, आणि लोकांच्या अंगातला गडद रंग मुख्यतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा होता. पण आफ्रिका म्हटलं की शेजारचं हैती आठवतं आणि हैतीसारखं असणं म्हणजे तिथे सगळ्यात वाईट. त्रुहियो नावाचा हुकूमशहा १९३० ते १९६१ तिथे बसला होता, त्याने १९३७ ला सीमेवर हजारो हैतीयन माणसं मारली, आणि तो स्वतः चेहरा गोरा दिसावा म्हणून पावडर लावायचा असं सांगतात. अशा देशात नेग्रा, म्हणजे काळी, हा शब्द स्वतःसाठी कोण वापरेल?

तर दोन्या इंदिया. आणि त्यांच्या हिशोबात मी कोण, तर त्रिगेन्या. हा शब्द इथे सारखा ऐकू येतो, फार गोरी नाही फार काळी नाही अशा बाईला त्रिगेन्या म्हणतात, लाडाने म्हणतात. एकदा शब्दकोशात बघितलं तर त्रिगो म्हणजे गहू. त्रिगेन्या म्हणजे गव्हाळ! मी तिथेच किचनमध्ये उभी राहून आईला फोन लावला, आई म्हणाली बरं मग, त्यांच्याकडे पण पोळ्या करतात का. तिला काय वाटलं कुणास ठाऊक पण मला त्या रात्री झोप आली नाही नीट. एवढा मोठा समुद्र मधे, भाषेचा काही संबंध नाही, आणि दोन्ही बाजूच्या बायकांना आपल्या पोरीला काळी म्हणायला जीभ रेटली नाही म्हणून दोघींनी गव्हाचाच आधार घेतला.

माझ्या बाबतीत तो गहू पण जरा ओढूनताणूनच होता. बायोडेटावर गव्हाळ लिहिलं होतं, बघायला आलेल्या लोकांनी ते वाचलं आणि मग मला बघितलं. कांदेपोह्याच्या ताटल्या उचलताना एका बाईंनी माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हं. नकार आला तो पण असा चांगल्या शब्दांत. आई रात्री रडली, माझ्यासमोर नाही, बाथरूममध्ये नळ सोडून. माझ्या आजीने तर मी लहान असल्यापासून दर शनिवारी साय आणि डाळीचं पीठ लावून मला घासलंय, एवढं घासायची की कोपरं लाल व्हायची, आणि घासताना तोंडाने सारखं बोलायची, माझी बाय ती, माझं सोनं ते. ते सोनं म्हणणं खोटं नव्हतं. आणि ते घासणं पण खोटं नव्हतं. मला हे दोन्ही एका वेळी डोक्यात ठेवायला खूप वर्षं लागली.

मी हॉस्पिटलमध्ये फ्लेबॉटॉमिस्ट आहे, म्हणजे पेशंटचं रक्त काढायचं काम. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या आमच्या सीनियर बाई कृष्णवर्णीय, मूळच्या साउथ कॅरोलिनाच्या, साठीच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात एका गडद रंगाच्या आजोबांच्या हातावर मला शीर दिसेना, मी दिवा जवळ ओढतेय, हात फिरवून बघतेय, तर त्या मागून आल्या, माझं बोट धरलं आणि कोपराच्या खळग्यात ठेवलं. म्हणाल्या, डोळे मीट. शीर बघायची नसते, चाचपायची असते, दाबलं की उसळी मारते ती शीर. आणि खरंच होतं. तेव्हापासून मी सगळ्यांची शीर बोटानेच शोधते, गोऱ्यांची पण.

एकदा नाइट शिफ्टला त्यांनीच माझं मनगट उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, तुला नाही घेतलं असतं. मी म्हटलं कशात? तर त्यांच्या लोकांमध्ये जुन्या काळी उजळ रंगाच्या श्रीमंत घरांच्या मंडळ्या असायच्या, त्यांना ब्लू व्हेन सोसायटी म्हणत, मनगटावरची निळी शीर बाहेरून दिसली पाहिजे एवढा रंग उजळ असेल तरच आत प्रवेश. तसंच ते किराण्याच्या खाकी पिशवीचं. पार्टी असो, क्लब असो, काही काही चर्चसुद्धा, दारात खाकी कागदाची पिशवी धरायची आणि तुझा रंग पिशवीपेक्षा गडद असला तर तू बाहेर. त्यांच्या आजीने हे सगळं जवळून बघितलं होतं. मी दिवसभर शिरा शोधणारी बाई, मला ते ऐकून कसंतरीच झालं.

आणि तो उजळ रंग मुळात आला कुठून हे पण बघितलं पाहिजे ना. गुलामीत मालकांनी बायकांवर जबरदस्ती केली त्यातून तो आला. ती पोरं पण गुलामच, पण बऱ्याचदा त्यांना शेताऐवजी घरातलं काम, काहींना हातातली कला, क्वचित एखाद्याला सुटका. १८६५ ला गुलामी संपली तेव्हा ज्यांच्याकडे थोडंफार शिक्षण आणि थोडीफार जमीन होती त्यात उजळ लोक जास्त होते, आणि मग रंग आणि पत हे एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. १९८२ साली अ‍ॅलिस वॉकर यांनी ह्याला कलरिझम हा शब्द वापरला, एकाच वंशाच्या लोकांनी आपल्यातल्याच माणसाला रंगावरून वर किंवा खाली ठेवणं. शब्द नवा होता पण गोष्ट जुनीच. स्पॅनिश राज्यात तर सगळं कागदोपत्री होतं. अठराव्या शतकात मेक्सिकोत कास्ताची चित्रं काढायचे, बाप असा आई अशी तर मूल कोण, एकेका जोडीचं एकेक चित्र आणि खाली नाव लिहिलेलं. १७९५ मध्ये स्पेनच्या राजाने चक्क दरपत्रक काढलं, एवढे पैसे भरा आणि मिश्र रंगाच्या माणसाचं हलकं मानलेलं स्थान कायद्याने पुसून घ्या. उजळपणा खरोखर विकत मिळत होता, पावती सकट.

स्पेनचाच एक गव्हर्नर लुइझियानात होता, मिरो नावाचा, तेव्हा लुइझियाना स्पेनकडे होतं. न्यू ऑर्लीन्समधल्या कृष्णवर्णीय आणि मिश्र रंगाच्या स्वतंत्र बायका डोक्यावर छान केशरचना करून, दागिने पिसं लावून फिरायला लागल्या, गोऱ्या बायकांपेक्षा उठून दिसायला लागल्या, म्हणून १७८६ मध्ये ह्याने हुकूम काढला की ह्यांनी केस कापडाने झाकले पाहिजेत. तर बायकांनी काय केलं, भारी भारी रंगीत कापडं घेतली आणि डोक्यावर असे उंच फेटे बांधले की नजर हटू नये. त्याला तिन्यों म्हणतात. आणि ते कापड बरंचसं कोणतं, तर मद्रास. आपल्याकडचं चौकटीचं सुती मद्रास. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला, आपल्या विणकरांच्या हातचं कापड त्या बायकांच्या डोक्यावर ताठ उभं राहिलं म्हणून.

केसांचं एवढं का, असं आपल्याकडच्या माणसाला वाटू शकतं. मला पण आधी वाटायचं. आपल्याकडे रंगावर सगळं अडतं, केस काळेभोर लांब असले की झालं. इथे रंगाच्या जोडीला केस पण तोलले जातात. इंग्लिशमध्ये गुड हेअर, स्पॅनिशमध्ये पेलो ब्वेनो, म्हणजे चांगले केस, म्हणजे सरळ किंवा मऊ लाटांचे. आणि घट्ट कुरळे ते पेलो मालो, वाईट केस. केस काय वाईट वागतात का कुणाशी? पण दिवसभर ऐकायला मिळतो हा शब्द. आमच्या सीनियर बाईंच्या कानाच्या पाळीवर एक जुना डाग आहे, हॉट कोंबचा, लोखंडी कंगवा शेगडीवर तापवायचा आणि केसांतून ओढायचा, केस सरळ होतात. शनिवारी रात्री आजी स्टूलवर मागे बसायची, ही खाली दोन गुडघ्यांच्या मधे, तेल तापल्याचा आणि केस करपल्याचा वास, आणि आजी म्हणायची कान धर. मानेवरच्या अगदी बारीक घट्ट केसांना त्या लोकांत किचन म्हणतात, तिथे कंगवा आला की ह्या अंग चोरायच्या. त्या दिवशी हालल्या आणि भाजलं. रडायला लागल्या तर आजी स्वतः पण रडली, पण कंगवा खाली ठेवला नाही. म्हणाली, बाहेर तुला जे ऐकावं लागेल त्यापेक्षा हे कमी दुखतं.

मी त्यांना माझ्या आजीची साय सांगितली. शनिवार तोच. त्या म्हणाल्या, आणि तुला कुणी म्हणालं असेल ना, डार्क आहेस त्या मानाने सुंदर आहेस? मी म्हटलं, हो, आमच्याकडे नाकीडोळी नीटस म्हणतात.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते, माझं आणि त्यांचं एकच आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या पणजीला कुणी बाजारात उभं करून विकलं नव्हतं. मी ज्या जातीत जन्मले तिच्यामुळे मला बरीच दारं न मागता उघडी मिळाली, आपल्याकडे रंगाच्या मागे जात उभी असते हे आपण मान्य करत नाही ती गोष्ट वेगळी. आणि मी दुकानात शिरल्यावर गार्ड मागे फिरत नाही, त्यांच्या मागे फिरतो, मी सोबत असताना फिरलाय.

म्हणूनच नुसतं स्वतःवर प्रेम करा असं कुणी म्हणालं की मला ते अर्धवट वाटतं. अशा पोस्ट मी पण शेअर करते, वाईट नाहीत त्या. पण आजी वेडी नव्हती. तिला बाहेरचा भाव माहीत होता, आणि तो भाव खरा आहे, आजही आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगांमधल्या १२ हजारांहून जास्त कृष्णवर्णीय बायकांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, १९९५ ते २००९ च्या, अभ्यास २०११ ला छापून आला. बाकीच्या गोष्टी धरून सुद्धा ज्यांची नोंद उजळ रंगाच्या अशी होती त्यांना साधारण १२ टक्के कमी शिक्षा झाली होती. म्हणजे रंगाची छटा तुरुंगातल्या महिन्यांमध्ये मोजली गेली. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतल्या, लोकांना विचारलं तर ६२ टक्के म्हणाले की गडद रंग असेल तर अमेरिकेत पुढे जायला त्रास होतो. ह्या लोकांना आरशासमोर उभं राहून मी सुंदर आहे असं दहा वेळा म्हणायला सांगणार का?

आणि तो भाव चुकवायचा म्हणून बायका काय काय अंगावर घेतात. केस सरळ करायची केमिकल, इथे रिलॅक्सर म्हणतात, डॉमिनिकन बायका देसरिसादो म्हणतात, ती लहानपणापासून लावतात. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा २०२२ चा अभ्यास आहे, ३३,४९७ बायकांचा. ज्यांनी अशी केमिकल वापरली नाहीत त्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता १.६४ टक्के, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के. आणि वापरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय बायका होत्या. गोरं करणाऱ्या क्रीमचं अजून भयानक. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोची एक बाई मेक्सिकोहून आणलेली क्रीम लावून कोमात गेली, त्यात पारा होता, तो पण मिथाइलमर्क्युरी, पाऱ्याचा जास्त विषारी प्रकार. लॅबमध्ये पाऱ्याच्या टेस्टसाठी कुणाचं रक्त घ्यायला सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

इथे आपण येतो ह्या गोष्टीत, आणि मान खाली घालावी लागते. जॅक्सन हाइट्सला मी महिन्यातून एकदा किराणा आणायला जाते, पोहे, गोडा मसाला, काळे तीळ वगैरे. तिथल्या रॅकवर आपल्याकडच्या त्या क्रीम ओळीने लावलेल्या असतात आणि घेणाऱ्या फक्त आपल्या बायका नसतात, मी स्पॅनिश बोलणाऱ्या बायका उभ्या बघितल्यात, ट्यूबवरचा फोटो बघत. फेअर अँड लव्हली १९७५ पासूनची, २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारल्यावर जगभर लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे तिचं नाव बदललं, ग्लो अँड लव्हली. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला तो पण तेव्हाच. म्हणजे आपल्या पोरींच्या नावापुढचा रंगाचा रकाना पुसायला सुद्धा इथल्या कृष्णवर्णीय लोकांचं आंदोलन कामी आलं. आणि त्याच महिन्यात आमच्या महाराष्ट्रातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललं होतं, तर काळ्यांच्या एरियात कसे राहता तुम्ही, भीती नाही का वाटत. एका घरी जेवायला गेलो होतो तेव्हा यजमानांनी कल्लू शब्द वापरला, जेवताना, मुलांसमोर, त्यांची स्वतःची मुलगी माझ्याच रंगाची. ती ताटातल्या वरणात बोट फिरवत बसली होती. मी त्या दिवशी काही बोलले नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर एकदा बोलले तर बोलावणं बंद झालं. झालं तर झालं.

२०१३ मध्ये नीना दावुलुरी मिस अमेरिका झाली, भारतीय वंशाची पहिलीच. इथल्या वर्णद्वेषी लोकांनी तिला शिव्या घातल्या आणि आपल्याकडे चर्चा झाली की एवढ्या सावळ्या रंगाची मुलगी भारतात जिंकली असती का. त्याच स्पर्धेत एके काळी नियमच होता की भाग घेणारी गोऱ्या वंशाची असावी, पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक १९७० ला आत गेली आणि पहिली विजेती, व्हेनेसा विल्यम्स, १९८३ ला, आणि तेव्हा पण कृष्णवर्णीय बायकांमध्येच कुजबुज झाली की जिंकली ती उजळ होती म्हणून. आमच्या सीनियर बाई तेव्हा तरुण होत्या, त्या म्हणतात मला आनंद झाला आणि पोटात दुखलं पण, दोन्ही. २०२१ मध्ये आमच्याच ह्या एरियावर हॉलिवूडचा मोठा म्युझिकल सिनेमा आला, इन द हाइट्स, गल्लीत सगळ्यांना केवढं कौतुक, पण मुख्य भूमिकांत जवळजवळ सगळे उजळ चेहरे. इथे तर सकाळी सबवेच्या जिन्यावर उभं राहा, दहातले किती चेहरे दोन्यांसारखे असतात. लोक बोलले, आणि त्याचे संगीतकार लिन मॅन्युएल मिरांडा यांनी जाहीर माफी मागितली. दोन्यांनी सिनेमा बघितला होता, त्यांना गाणी आवडली. मी विचारलं तुमच्यासारखं कुणी होतं का त्यात, तर म्हणाल्या, सिनेमात कशाला असेल माझ्यासारखी.

चांगलं काही घडत नाही असं नाही. १९६२ च्या जानेवारीत हार्लेममध्ये, माझ्या घरापासून ट्रेनने काही स्टॉप, नॅचरली नावाचा फॅशन शो झाला, ग्रँडासा मॉडेल्स, गडद रंगाच्या मुली, केस जसे आहेत तसे, आणि त्याचे फोटो क्वामे ब्रेथवेट यांनी काढलेले, बघाच ते. नटी लुपिता न्योंगो २०१४ मध्ये म्हणाली की लहानपणी ती देवाकडे रोज एकच मागायची, सकाळी उठल्यावर रंग उजळ होऊ दे. त्याच वर्षी तिला ऑस्कर मिळालं. २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्निया आणि मग आमच्या न्यू यॉर्कने कायदा केला, क्राउन अ‍ॅक्ट, कुणाच्या नैसर्गिक केसांवरून, वेण्या, लॉक्स, अफ्रो ह्यांवरून नोकरीत शाळेत भेदभाव करता येणार नाही. देशभरासाठीचा कायदा २०२२ ला एका सभागृहात पास झाला आणि दुसऱ्यात अडकला.

कायदा आल्यावर काही महिन्यांनी एका सोमवारी आमच्या सीनियर बाई विग न घालता कामावर आल्या. मी तीन वर्षं रोज त्यांना बघत होते आणि मला त्यांचे केस माहीत नव्हते. अगदी बारीक कापलेले, पिकलेले, कापसासारखे, आणि त्या पांढऱ्याच्या खाली त्यांचा तो गडद तुकतुकीत चेहरा, कानाचा डाग उघडा. आरशात बघत नव्हत्या, ट्यूबांवर लेबलं लावत होत्या. एका नर्सने विचारलं, तब्येत बरी आहे ना? त्या म्हणाल्या, उत्तम आहे. दिवसभरात तसं चौघांनी विचारलं. संध्याकाळी लॉकरपाशी त्या नुसत्या बसून राहिल्या दहा मिनिटं, मी पण बसले. मग म्हणाल्या, डोक्याला हवा लागते गं, विसरलेच होते मी.

दोन्यांचं मात्र वेगळं. दर शुक्रवारी त्या नातीला सेंट निकोलस अ‍ॅव्हेन्यूवरच्या सलूनमध्ये नेतात, मी पण कधीकधी जाते बरोबर. तिथे आधी केस धुऊन मोठे मोठे रोलोस लावतात, मग त्या गरम टोपाखाली तासभर, मग ब्लोअर आणि गोल ब्रश, दोन हातांनी ओढून. रात्री डोक्याभोवती गुंडाळून पिना लावायच्या, त्याला तुबी म्हणतात. पोरगी टोपाखाली बसून घाम पुसत असते आणि तिच्या पायांना अजून जमीन लागत नाही. बाहेर आली की सगळ्या बायका ओरडतात, आय के लिंदा, किती सुंदर दिसतेय! धुतल्यावर तिला कुणी असं म्हणत नाही, सरळ झाल्यावर म्हणतात, तेव्हा आठ वर्षांच्या पोरीने काय समजायचं ते ती समजते. एकदा मी धीर करून दोन्यांना म्हटलं, राहू देत ना तसेच, छान दिसतात. त्या रागावल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, तू चांगली आहेस मुली, पण हिचा बाप काळा आहे, मी मेल्यावर हिला कोण विचारणार? त्यांच्याकडे म्हणतात मेहोरार ला रासा, म्हणजे वंश सुधारायचा, प्रत्येक पिढीने आपल्यापेक्षा उजळ माणसाशी लग्न करायचं. दोन्यांच्या मुलीने तसं केलं नाही. ती प्रेमात पडली. दोन्या अजून त्याचं प्रायश्चित्त घेतायत नातीच्या केसांवर.

मला त्यांचा राग येत नाही. माझ्या आजीचा कुठे आला.

सोमवारी कामावरून येताना मी क्रेयोलाचा तो दुसरा डबा घेतला, २०२० मध्ये आलाय, चोवीस खडू, सगळे माणसांच्या अंगाचे रंग, फिकटपासून अगदी गडदपर्यंत. बुधवारी ती वर आली तेव्हा टेबलावर ठेवला, म्हटलं आधी माझा शोधून दे. तिने माझी बाही वर केली आणि एकेक खडू माझ्या हातावर आडवा ठेवून बघायला लागली, डोळे बारीक करून, आमच्या सीनियर बाई शीर शोधतात तेवढ्या मन लावून. हा नाही. हा पण नाही. हा थोडा. शेवटी एक ठरवला, बदामाच्या नावाचा होता काहीतरी. माझ्या हाताच्या आतल्या बाजूला वेगळा आणि बाहेरच्या बाजूला वेगळा लागतो हे तिनेच शोधून काढलं, मला म्हणाली तीया तू दोन रंगांची आहेस.

मग मी म्हटलं आता तुझा. तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं, उलटा केला, सुलटा केला. खडू बराच वेळ चाळले. एक उचलला, गालाला लावून खिडकीच्या काचेत बघितलं, ठेवला, दुसरा घेतला. तीन बाजूला काढले. तेवढ्यात खालून दोन्यांची हाक आली, जेवायला चल. ती पटकन उठली, चित्र माझ्याकडेच राहिलं पण ते तीन खडू मुठीत घेऊन पळाली खाली.

डब्यात तीन खाचा रिकाम्या आहेत. मी अजून मागितले नाहीत.